बंद दप्तर आणि आर्जवाची वाट : पेशवे दप्तर खुले होण्याच्या इतिहासात व्यवहारचातुर्याचे स्थान

प्रस्तावना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही आज मुंबईची उपनगरे म्हणून ओळखली जाणारी ठिकाणे अठराव्या शतकात साष्टी बेटावर मोडत होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली वसई पडली. तेव्हापासून १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकेपर्यंत हा मुलूख पेशव्यांच्या कारभारात होता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो इंग्रजांकडे कायम झाला. पुढे १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, तर १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. १९९० मध्ये उपनगरांचा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. सत्तेच्या व हद्दीच्या प्रत्येक फेरबदलाबरोबर कागदांचे धनी बदलत गेले. त्यामुळे या उपनगरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्राध्यापकाला पोर्तुगीज काळासाठी गोव्याचे, मराठा काळासाठी पुण्याचे, कंपनी काळासाठी मुंबईचे आणि नंतरच्या काळासाठी जिल्हा कचेरीचे दार ठोठवावे लागते.

या प्रत्येक दाराशी एक कचेरी असते आणि कचेरीत माणसे असतात. कागद पाहण्याची परवानगी नियमाने मिळते, परंतु तो कागद शोधून काढून टेबलावर ठेवतो तो कोणीतरी कारकून. नियम आणि माणूस यांमधील हे अंतर कसे ओलांडावे, हा प्रश्न संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. प्रत्यक्षात मात्र अनेक संशोधनांचे यशापयश त्यावर अवलंबून राहिले आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२९ पर्यंत हे दप्तर अभ्यासकांना जवळजवळ बंद होते. ते उघडण्याचे प्रयत्न अनेकांनी आपापल्या स्वभावानुसार केले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा विचार सरकारी यंत्रणेकडून सहकार्य मिळवण्याची रीत या एकाच दृष्टीने केला आहे. सौजन्याने व चातुर्याने काय साधले, त्याची किंमत कोणी दिली आणि अशा यशाची कसोटी कोणती, हे पाहणे हा लेखाचा उद्देश आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कचेरीतून काम काढून घेण्याच्या रीती जुन्या आहेत. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘अंतस्थ’ या नावाने गुप्तपणे दिल्या-घेतल्या जाणाऱ्या रकमांचा उल्लेख येतो. ती देवघेवीची रीत होय. आर्जव ही तिच्याहून वेगळी गोष्ट आहे. समोरच्या अधिकाऱ्याची अडचण समजून घेणे, त्याचा मान राखणे आणि होकार देणे त्याला सोपे जाईल अशा रीतीने मागणी मांडणे, एवढाच अर्थ या लेखात अभिप्रेत आहे. त्यात लाच बसत नाही आणि खुशामतही बसत नाही, जरी खुशामतीची सीमा कोठे सुरू होते हे नेहमीच स्पष्ट नसते.

दप्तराची घडण आणि कुलपाचे कारण

पेशवे दप्तर असे का बंद राहिले, हे त्याच्या घडणीवरून कळते. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा राज्यकारभाराचे कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांचे खरे महत्त्व वाढले ते इनाम कमिशनमुळे. करमाफ जमिनी कोणाकडे कोणत्या अधिकाराने आहेत याची चौकशी करण्याचे काम १८४० च्या दशकात सुरू झाले आणि १८५२ च्या कायद्याने त्याला बळ मिळाले. इनामदाराने दाखवलेली सनद खरी की बनावट, हे ताडून पाहण्यासाठी पेशव्यांच्या मूळ नोंदी आवश्यक होत्या. म्हणून हे कागद एकत्र केले गेले, त्यांची वर्गवारी झाली आणि ते रुमालांत बांधले गेले. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी, शाहू दप्तर अशी या वर्गांची नावे आहेत. मोडी व इंग्रजी मिळून रुमालांची संख्या सुमारे ३५ हजार भरते.

याचा अर्थ असा की या दप्तराची आधुनिक मांडणी मुळात इतिहासासाठी झालीच नव्हती. ती महसुलासाठी झाली होती. ज्या कचेरीत ते ठेवले गेले तिचे नावही ‘एलिएनेशन ऑफिस’ असे होते. सरकारने सोडून दिलेल्या महसुलाच्या जमिनींचा हिशेब ठेवणे हे तिचे काम. १८६३ च्या कायद्यांनी इनामांचा प्रश्न बराचसा मिटवला, तरी त्या कागदांत दडलेला पुरावा सरकारविरुद्धच्या नव्या दाव्यांत वापरला जाईल ही धास्ती महसूल खात्याच्या मनातून गेली नाही. त्यात राजकीय शंकेची भर पडली. मराठ्यांच्या पराक्रमाचे कागद पुण्यातील सुशिक्षितांच्या हाती जावेत, असे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारला वाटणे शक्य नव्हते.

तेव्हा अभ्यासकाला मिळणारा नकार हा केवळ कचेरीचा आडमुठेपणा नव्हता. दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या कर्तव्याचाच भाग होता. ज्याने हे ओळखले त्याची मागणी एका प्रकारची झाली. ज्याने ते ओळखूनही मान्य केले नाही त्याची वाट वेगळी झाली.

आतून उघडलेले पहिले दार

दप्तराचे दार प्रथम किलकिले झाले ते आतून. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड हे आयुक्तांच्या कचेरीतील अधिकारी होते. त्यांना कागद माहीत होते, मोडी अवगत होती आणि कचेरीची शिस्त अंगवळणी पडलेली होती. सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतून त्यांनी सरकारच्या परवानगीने उतारे काढले. हे उतारे प्रसिद्ध व्हावेत यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढाकार घेतला. डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीच्या वतीने १९०२ ते १९११ या काळात त्यांचे नऊ भाग निघाले.

रानडे स्वतः सरकारी नोकर होते. सरकारच्या नोकरीत राहून सरकारला न आवडणारे प्रश्न उपस्थित करण्याची अवघड कसरत त्यांनी आयुष्यभर केली. १९०० साली त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे पेशव्यांच्या रोजनिशींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी युद्धे व तह बाजूला ठेवून कारभार, न्याय, महसूल आणि समाजव्यवहार यांवर भर दिला. या निवडीमागे त्यांची इतिहासदृष्टी होती, हे उघड आहे. परंतु तिचा एक व्यावहारिक परिणामही झाला असावा. ज्या कागदांतून राज्यकारभाराची माहिती मिळते, ते कागद राज्यकर्त्याला उपयुक्त वाटतात. संशोधकाची जिज्ञासा आणि अधिकाऱ्याचा उपयोग जेथे एकत्र येतात तेथे परवानगी सुलभ होते, हे सूत्र येथे प्रथम दिसते.

दोन वाटा : राजवाडे आणि पारसनीस

याच काळात मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणारे दोन मोठे संशोधक परस्परविरुद्ध वाटांनी चालले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. त्यांनी सरकारी नोकरी धरली नाही, सरकारी मर्जीवर काम अवलंबून ठेवले नाही आणि लेखन मराठीतच केले. वाडे, मठ आणि जुनी घराणी यांच्याकडील पेट्या व बासने हेच त्यांचे दप्तर होते. सरकारी कुलपाला त्यांनी दिलेले उत्तर असे की ज्या कागदांना सरकारचे कुलूप नाही ते आधी शोधावेत. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाड्यांचा बाणा तेजस्वी होता आणि त्याचे फळही मोठे होते. मात्र या मार्गाने पेशवे दप्तराचा एकही रुमाल सुटणार नव्हता.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची रीत याच्या उलट होती. त्यांचे औपचारिक शिक्षण बेताचे होते. परंतु माणसे जोडण्याची कला त्यांना साधली होती. संस्थानिक, सरदार घराणी आणि इंग्रज अधिकारी या तिन्ही वर्तुळांत त्यांचा सहज वावर असे. नाना फडणिसांच्या मेणवली येथील दप्तराचे कागद त्यांच्या हाती आले. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालवले. सनदी नोकरीतील अधिकारी सी. ए. किंकेड यांच्या सहकार्याने त्यांनी मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला आणि तो १९१८ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पुढे १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

पारसनिसांच्या कार्यातून आर्जवाची शक्ती दिसते आणि तिची मर्यादाही दिसते. त्यांना उघडलेली दारे त्यांच्यासाठी उघडली होती. त्यांच्या संग्रहातील कागद वाचकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या प्रकाशनांतून. व्यक्तीच्या गोडव्याने मिळालेला प्रवेश त्या व्यक्तीपाशीच थांबतो. त्याचा पायंडा पडत नाही. १९२६ मध्ये पारसनीस व राजवाडे हे दोघेही निवर्तले, तेव्हा पेशवे दप्तराचे कुलूप अजून जागच्या जागी होते.

सरदेसायांचे दरबारी शिक्षण

ते कुलूप ज्यांच्यासाठी निघाले त्या गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पूर्ववृत्तान्त येथे महत्त्वाचा ठरतो. त्यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल येथे झाला. १८८८ मध्ये पदवी घेतल्यावर १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे आणि प्रवासात महाराजांसमवेत राहणे अशा स्वरूपाची ही नोकरी होती. राजपुत्रांसाठी काढलेल्या टिपणांतूनच त्यांच्या ‘रियासती’ जन्मल्या. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आणि १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला.

सुमारे छत्तीस वर्षे दरबारी नोकरी केलेल्या माणसाला काही गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. कोणती मागणी तोंडी करावी आणि कोणती लेखी, नकार मिळाल्यावर किती दिवस थांबावे, हाताखालच्या माणसाला वळसा घालून वरिष्ठाकडे गेल्यास काय बिघडते, या सर्व गोष्टी अशा सेवेत रोजच्या अनुभवातून कळतात. बडोद्याच्या नोकरीने सरदेसायांना संशोधनासाठी मोकळा वेळ फारसा दिला नाही. परंतु कचेरीच्या मनाची ओळख करून दिली. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते पुणे जिल्ह्यातील कामशेत येथे राहू लागले तेव्हा ही ओळख त्यांच्या पदरी होती.

दुसरी जमेची बाजू म्हणजे जदुनाथ सरकार यांची मैत्री. १९०४ च्या सुमारास पत्रव्यवहारातून सुरू झालेला हा स्नेह अर्धशतक टिकला. सरकार हे भारतीय इतिहास अभिलेख आयोगाचे, म्हणजे १९१९ मध्ये भारत सरकारने स्थापन केलेल्या मंडळाचे, आरंभापासूनचे सभासद होते. १९२६ ते १९२८ या काळात ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९२९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला वजन होते. हे वजन त्यांनी आपल्या मित्रासाठी खर्च केले.

दार उघडते

१९२५ च्या जानेवारीत अभिलेख आयोगाचे अधिवेशन पुण्यात भरले. दप्तराचा प्रश्न आता स्थानिक राहिला नव्हता. अभिलेखांच्या जतनासाठी व अभ्यासासाठी स्वतः भारत सरकारने नेमलेला आयोग त्यात लक्ष घालू लागला होता. ही गोष्ट वरवर साधी वाटते. परंतु यंत्रणेकडून काम करून घेण्याच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. बाहेरच्या माणसाने केलेली मागणी यंत्रणा टाळू शकते. यंत्रणेच्याच दुसऱ्या अंगाने केलेली मागणी टाळणे तिला अवघड जाते.

सरकार यांच्या आग्रहानंतर मुंबई सरकारने दप्तर तपासण्याचे काम १९२९ मध्ये सरदेसायांकडे सोपवले. या निर्णयाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकारने दप्तर सर्वांना खुले केले नाही. आपल्या विश्वासातील एका अनुभवी माणसाला नेमले, त्याला सहायक दिले आणि निवडक कागद सरकारी छापखान्यात छापण्याचे ठरवले. म्हणजे सरदेसाई दप्तरात अभ्यासक म्हणून गेले नाहीत. ते सरकारचे काम करणारे म्हणून गेले. प्रवेशाचा प्रश्न त्यांनी कामाच्या प्रश्नात बदलला. जो आत येऊ देण्याची विनंती करतो तो यंत्रणेवर भार टाकतो. यंत्रणेचे राहिलेले काम अंगावर घेणारा तिचा भार हलका करतो. आर्जवाचे खरे मर्म या फरकात आहे.

पाच वर्षांची रीत

१९३० ते १९३४ या काळात ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दप्तर’ या नावाने पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. आठ हजारांहून अधिक कागद त्यांतून प्रकाशात आले. रुमालांच्या संख्येकडे पाहिले तर हे काम किती वेगाने झाले याची कल्पना येते. हजारो रुमाल सोडायचे, त्यांतील मोडी कागद वाचायचे, ऐतिहासिक महत्त्वाचे निवडायचे, त्यांचे बालबोधीत लेखन करायचे, तारखा ठरवायच्या आणि विषयवार खंड छापखान्याकडे पाठवायचे, असा हा क्रम होता. वयाची चौसष्ट वर्षे ओलांडलेला संपादक आणि मोडी वाचणारे सहायक यांच्या रोजच्या सहकार्याविना तो शक्य नव्हता. मोडी वाचन हे कसबाचे काम आहे. रुमालाच्या गाठीपासून अक्षराच्या वळणापर्यंत ज्याला सवय आहे त्याचे मन सांभाळणे हे वरिष्ठाची परवानगी मिळवण्याइतकेच महत्त्वाचे असते.

खंडांच्या रचनेतूनही सरदेसायांचे व्यवहारज्ञान दिसते. मूळ कागद मराठीत असले तरी प्रस्तावना इंग्रजीत आहेत आणि पत्रांचा आशय थोडक्यात इंग्रजीत दिलेला आहे. मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकाची ही सोय होती. त्याचबरोबर ज्या अधिकाऱ्याने खर्चाला मंजुरी दिली त्याला आपण काय छापत आहोत हे कळण्याचीही ती सोय होती. जे कळत नाही त्याची यंत्रणेला भीती वाटते आणि जे कळते त्याची मंजुरी चालू राहते. तसेच निवडीचा भर राजकीय पत्रव्यवहारावर राहिला. इनामांच्या वादाला हात लावणारे कागद हा या मालेचा विषय नव्हता. महसूल खात्याची जुनी धास्ती त्यामुळे आपोआप शमली असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ पाळली गेली. ठरल्या मुदतीत खंडामागून खंड निघत राहिले. सरकारी यंत्रणेपुढे गोड शब्दांपेक्षा वेळेवर पुरे झालेले काम अधिक बोलते.

या विश्वासाचे पुढील फळही मिळाले. पुण्याच्या रेसिडेन्सीतील इंग्रजी पत्रव्यवहाराची माला सरकार व सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३६ पासून निघू लागली. मराठी कागदांच्या जोडीला त्याच घटनांची इंग्रजी बाजू उपलब्ध झाली. १९४६ ते १९४८ या काळात सरदेसायांनी इंग्रजीत लिहिलेला मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला तो या साधनांच्या आधारावरच.

साष्टीच्या अभ्यासकासाठी या मालेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेचे कागद तीत प्रसिद्ध झाले. अंधेरीच्या पश्चिमेचे वेसावे, उत्तरेकडील वसई आणि पूर्वेकडील ठाणे यांच्या मधल्या मुलखात काय घडले, हे आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचता येऊ लागले.

वगळलेल्यांची बाजू

या यशोगाथेला दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. दप्तर ज्या शहरात होते त्याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ वीस वर्षे काम करीत होते. मोडी वाचणारे, कालगणना जाणणारे आणि घराण्यांची माहिती असलेले संशोधक तेथे होते. दप्तर योग्य त्या सर्व अभ्यासकांना खुले व्हावे, ही दत्तो वामन पोतदार आदी मंडळाच्या धुरीणांची मागणी होती. सरकारने विश्वास टाकला तो मात्र बडोद्याहून निवृत्त होऊन आलेल्या एका गृहस्थावर. सरकार यांचे पुण्यातील संशोधकांविषयीचे मत अनुकूल नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. त्यामुळे जे काम सहकार्याने होऊ शकले असते त्याला वादाची किनार लागली.

संपादनाविषयी घेतले गेलेले आक्षेपही पूर्णपणे निराधार म्हणता येत नाहीत. अनेक पत्रांच्या तारखा पुढे दुरुस्त कराव्या लागल्या, टीपा अपुऱ्या राहिल्या आणि कोणता कागद का निवडला व कोणता का वगळला याचे उत्तर सर्वत्र मिळत नाही. पाच वर्षांच्या मुदतीने सरकारचा विश्वास टिकवला, पण त्याच मुदतीने संपादनाची घाईही घडवली. मूळ दप्तर इतरांना पाहता येत नसल्यामुळे या चुका वेळीच तपासण्याची सोय नव्हती. एकाच व्यक्तीच्या चातुर्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत त्या व्यक्तीच्या चुकाही सर्वांच्या होतात. स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. पी. एम. जोशी यांच्या संपादनाखाली या निवडक कागदांची नवी मालिका निघाली, यावरून पहिल्या निवडीबाहेर किती राहून गेले होते हे लक्षात येते.

येथे एक अधिक मूलभूत प्रश्न उभा राहतो. सरदेसायांपाशी वय, प्रतिष्ठा, इंग्रजी, दरबारी सेवेचा अनुभव आणि सरकारदरबारी वजन असलेला मित्र होता. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्या तरुण, खेड्यातील किंवा वेगळ्या सामाजिक थरातील अभ्यासकाने कितीही आर्जव केले असते तरी त्याला हे दार उघडले असते का? याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. सौजन्य प्रत्येकाला शिकता येते. मात्र सौजन्याची दखल घेतली जाण्यासाठी लागणारी पत सर्वांना सारखी मिळत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जदुनाथ सरकार यांच्यावरील ग्रंथात दीपेश चक्रवर्ती यांनी सरकार-सरदेसाई पत्रव्यवहाराच्या आधारे दप्तर-प्रवेशाच्या या वादाची सविस्तर चर्चा केली आहे. कागद पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या काळी इतिहासाच्या स्वरूपाविषयीच्या प्रश्नाशी कसा गुंतला होता, हे त्यातून स्पष्ट होते.

मर्जीकडून हक्काकडे

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. पेशवे दप्तर आज राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या पुणे कार्यालयात अभ्यासकांना उपलब्ध आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ मध्ये झाला. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, २००५ मध्ये केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला आणि त्याच वर्षाच्या नावाने राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आला. जे सरदेसायांना मर्जीने मिळाले ते आज तत्त्वतः प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

तरीही कायद्याने आर्जवाची गरज संपवली असे म्हणता येत नाही. हक्काच्या अर्जाला उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक असते. पण अर्जात न लिहिलेला, नेमका उपयोगाचा रुमाल कोणता, हे सांगणे कोणावरही बंधनकारक नसते. ते ज्ञान वर्षानुवर्षे त्या कपाटांमध्ये वावरलेल्या कर्मचाऱ्यापाशी असते आणि ते आदराच्या बदल्यातच मिळते. याउलट, केवळ आर्जवावर भिस्त ठेवणारा अभ्यासक अधिकारी बदलला की पुन्हा दाराबाहेर उभा राहतो. कायदा दार उघडे ठेवतो. आतील वाट दाखवण्याचे काम माणसे करतात. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

समारोप

पेशवे दप्तराच्या इतिहासातून यंत्रणेचे सहकार्य मिळवण्याविषयी काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की नकाराचे कारण समजून घेणे ही सहकार्याची पहिली पायरी आहे. महसूल खात्याची धास्ती ज्यांनी ओळखली त्यांना तिच्याशी न भांडता तिच्या बाजूने वाट काढता आली. दुसरा असा की परवानगी मागणाऱ्यापेक्षा जबाबदारी पत्करणाऱ्याला यंत्रणा लवकर जवळ करते. वाड, रानडे आणि सरदेसाई यांच्या उदाहरणांत हे समान सूत्र आहे. तिसरा असा की मिळालेला विश्वास टिकतो तो वेळेवर आणि दिसेल असे काम झाल्याने.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची एक कसोटी आहे. ज्याला दार उघडले त्याने आत गेल्यावर ते मागे लावून घेतले, की इतरांसाठी उघडे ठेवले? सरदेसायांचे चातुर्य टीकेला पात्र असले तरी या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरते. कारण त्यांना मिळालेला प्रवेश त्यांनी पंचेचाळीस खंडांच्या रूपाने छापून सर्वांचा केला. राजवाड्यांनी सरकारचे दार ठोठावले नाही. तथापि कागद सर्वांचे आहेत या त्यांच्या आग्रहातूनच पुढे हक्काच्या भाषेला बळ मिळाले. मंडळाच्या संशोधकांची नाराजी हीदेखील त्या दृष्टीने इतिहासाची ठेवच आहे. एकाला मिळाले ते सर्वांना का नाही, हा प्रश्न त्यांनी जागा ठेवला.

आज उपनगरांतील एखाद्या महाविद्यालयाचा अध्यापक सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन साष्टीच्या कागदांची मागणीचिठ्ठी भरतो तेव्हा त्या चिठ्ठीमागे हा सारा इतिहास उभा असतो. रुमाल मिळण्याचा त्याचा हक्क अनेकांच्या हट्टातून आला आहे. रुमाल आणून देणाऱ्याशी दोन शब्द आदराने बोलण्याची रीतही त्याच इतिहासातून आली आहे. त्या कागदांतून जे हाती लागेल ते पुढच्या अभ्यासकाला सहज सापडेल अशा रीतीने प्रसिद्ध करणे, ही त्या दोहोंची परतफेड होय.